तीस, पाच आणि तीन तारे

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
टॉवेलच्या कारखान्यात जिन्याखाली
कूलर नसलेल्या खोलीत एक मशीन आहे.
तिच्या डोक्यावर ओलं फडकं टाकता येत नाही एवढंच,
बाकी मे महिन्यात तिचं नि माझं दुःख सारखं.

रात्रभर निरोप येतात.
सात नंबरच्या लूमचा धोटा अडकला.
सुताचा भाव किलोमागे चार रुपयांनी चढला.
मस्कतच्या पार्टीला कडेची पट्टी दोन बोटं रुंद हवी.
शिलाईतल्या रेणुका वड्डेपल्लीला उद्या सुट्टी,
पोरीचे कान टोचायचेत.
आधी प्रत्येक निरोप आला तसा पुढे जायचा.
भागीदार अकरा, फोन अकरा,
रात्री अडीचला अकरा उशांखाली थरथर.
थोरले मालक म्हणाले, हे थांबव,
नाहीतर मशीन भंगारात घालतो.

मग मी एक ओळ लिहिली.
तीस, पाच, आणि पुढे तीन तारे.
मिनिट तीस. तास पाच.
तारीख कुठलीही, महिना कुठलाही, वार कुठलाही.
तारा म्हणजे कुठलाही –
एवढं कळायला दोन दिवस गेले,
कारण तारा म्हटलं की मान आपोआप वर जाते.

अम्मानं विचारलं, तू तिथं नक्की करतेस काय?
म्हटलं, तुझंच काम.
दिवसभर एकेक विडी वळतेस,
सुटी कोण घेतं?
रात्री पंचवीस-पंचवीस मोजून कट्टा बांधतेस
आणि सकाळी ब्रँचवर नेऊन टाकतेस.
मीही बांधते. दोरा तेवढा दिसत नाही.
ती पान कातरत म्हणाली, छाट किती निघते?
काहीच नाही, आलेलं सगळं जातं.
मग तुमचा चेकर आंधळा आहे, म्हणाली,
आणि सुपातली तंबाखू हलवली.

त्या फायलीत माझ्या ओळीच्या वर
आणखी एक ओळ होती.
माझ्या आधी ही खोली लक्ष्मीपती येमूल सांभाळायचे.
जाऊन सहा वर्षं झाली. मी त्यांना पाहिलेलं नाही.
शून्य, चार, मग तारा, तिरकी रेघ, पुन्हा चार:
दर चौथ्या दिवशी पहाटे चारला
एकाच नंबरवर दोनच शब्द –
आज पाणी.

हिशेब चुकलेला होता.
मशीन महिन्याच्या एक तारखेपासून मोजते,
एक, पाच, नऊ, अशी एकोणतीसपर्यंत,
आणि महिना संपला की पाटी पुसून पुन्हा एक.
एकतीसचा महिना असो की तीसचा, टोकाला उसवतोच.
फक्त फेब्रुवारी, तोही लीप नसलेला, नीट बसतो.
आणि महापालिका तर
फेब्रुवारीतही स्वतःचंच मोजते.

ओळ पुसण्याआधी त्या नंबरवर फोन केला.
बाईंचा आवाज. मागे कुकर.
मी सगळं समजावलं, तारीख, टोक, चूक.
त्या म्हणाल्या, माहीत आहे गं,
निम्म्या वेळा नळाला नुसती हवा येते.
जिवंत असतानाही त्यांचं असंच,
उठवायचे चारला, आणि पाणी यायचं सहाला.
बंद करू का मग?
कुकरची शिट्टी झाली.
तुला जागा लागते का ती?
नाही, म्हटलं, एक ओळ तर आहे.
मग असू दे, म्हणाल्या, आणि शेंगाचटणी लागली तर सांग.

दिवाळीत कारखाना बंद असतो.
निरोप नसतील तर माझा गठ्ठा जात नाही,
रिकामा कशाला पाठवायचा,
ती अट मीच घातली आहे.
त्यांच्या ओळीला अट नाही.

आज सतरा तारीख.
चारला त्यांचा गेला असेल.
माझा साडेपाचला.
मधल्या दीड तासात मी जागीच आहे,
अम्माही, बादल्या ओळीनं मांडून,
आणि नळ
अजून नुसता खोकतोय.